अरती, रंजन आणि ग्रामीण महाविद्यालयाचा हिवाळा

विद्यार्जनाच्या काळात विद्यार्थ्याने मन रमवावे की नाही, आणि रमवायचेच तर कशात, हा प्रश्न वरकरणी वसतिगृहाच्या अधीक्षकाने सोडवावा एवढा लहान दिसतो. परंतु धर्मशास्त्र, जैन आचारमीमांसा आणि नाट्यशास्त्र या तीन परंपरांनी तो आपापल्या परीने हाताळला असून त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. पहिली परंपरा विद्यार्थ्याला रंजन निषिद्ध ठरवते, दुसरी रंजनाची ओढ आणि त्याच्या अभावी येणारा कंटाळा या दोहोंचे मूळ एकच मानते, आणि तिसरी रंजनाची मागणी खुद्द देवांच्या तोंडी घालते. या उत्तरांची परीक्षा शहरात नीट होत नाही, कारण तेथे रंजन विकत मिळते आणि प्रश्न झाकला जातो. ती करायची तर पौष महिन्यात, शहराकडे जाणारी संध्याकाळची शेवटची बस निघून गेल्यावर, एखाद्या आडगावच्या महाविद्यालयातच करावी लागते. बडोद्याच्या परिसरात ती करण्यास आणखी एक कारण आहे. या प्रश्नाशी निगडित असलेले दोन महत्त्वाचे संस्कृत ग्रंथ याच शहरातल्या ग्रंथमालेतून प्रकाशात आले, आणि या प्रश्नाला आचरणातून उत्तर देऊ पाहणारी एक शाळाही येथे काही वर्षे चालली.

मध्य गुजरातचा हिवाळा माणसाला घरात कोंडून घालणारा नव्हे. दिवसाचे ऊन हवेहवेसे असते, रात्री गारठा पडतो आणि सहा वाजून गेले की अंधार होतो, एवढेच. डभोई, पादरा, वाघोडिया, करजण या तालुक्यांच्या शिवारांत या दिवसांत कापसाची वेचणी चालू असते, तूर काढणीला येत असते, गव्हाला पाणी द्यायचे असते. म्हणजे ज्या गावात महाविद्यालय वसलेले असते ते गाव वर्षातल्या अत्यंत कामाच्या महिन्यांतून जात असते. याच सुमारास सूर्य धनु राशीत असल्यामुळे, ज्या काळाला मराठीत धनुर्मास आणि गुजरातीत कमुरता म्हणतात, मकरसंक्रांतीपर्यंत लग्ने लागत नाहीत, आणि खेड्यातले सर्वांत मोठे फुकट रंजन, म्हणजे वरात आणि पंगत, महिनाभर बंद पडते. कुंपणाच्या आत विद्यार्थ्याला करमत नाही आणि कुंपणाबाहेर कुणाला कंटाळायला सवड नाही, अशी ही विसंगती आहे. तिच्याकडे डोळेझाक करून केलेला प्रत्येक उपाय अखेर ध्वनिवर्धकाच्या भाड्यापाशी येऊन थांबतो.

या न करमण्याला जैन परंपरेने नेमके नाव दिले आहे. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या नवव्या अध्यायात मुनीने सोसावयाच्या २२ परीषहांची यादी येते. परीषह म्हणजे स्वीकारलेल्या मार्गावरून ढळू नये आणि पूर्वकर्माची निर्जरा व्हावी, म्हणजे ते झडून जावे, यासाठी समभावाने सहन करावयाचा कष्ट. भूक आणि तहान यांच्यामागोमाग तिसरा परीषह शीत, म्हणजे थंडी, आणि सातवा अरती, म्हणजे ज्या ठिकाणी व ज्या व्रतात माणूस आहे तेथे त्याचे मन न लागणे. थंडी आणि न करमणे ही दोन दुःखे सूत्रकाराने एकाच समासात, कोणताही दर्जाभेद न करता बसवली आहेत. आजच्या संस्थेत मात्र थंडीसाठी पांघरुणाची मागणी करता येते, अरतीसाठी अर्ज करण्याची सोय नसते.

याहून मोलाचा विचार जैनांच्या कर्मसिद्धांतात आहे. जीवाची दृष्टी आणि वर्तन यांना भुरळ घालणारे जे कर्म त्याला मोहनीय कर्म म्हणतात. त्याच्या पोटात क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार कषाय येतात, आणि त्या कषायांच्या सोबतीने राहणारे, त्यांच्याहून सौम्य असे नऊ विकार येतात, त्यांना नोकषाय ही संज्ञा आहे. या नऊंमध्ये हास्य, रती आणि अरती ही तीन नावे लागोपाठ येतात. येथे रती म्हणजे केवळ स्त्रीपुरुषांची आसक्ती नसून कोणत्याही विषयात मन रमणे होय. कंटाळा हा रोग आणि करमणूक हे त्याचे औषध, अशी लोकांची सर्वसाधारण समजूत असते. जैन आचार्यांच्या मते मात्र ही दोन्ही एकाच कर्माच्या उदयाची रूपे असल्यामुळे एकाने दुसऱ्याचा नाश होत नाही, फक्त पाळी बदलते. वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही हे निदान पटण्याजोगे आहे, कारण शनिवारी रात्री सर्वांनी मिळून पाहिलेल्या चित्रपटाने रविवारची संध्याकाळ हलकी होत नाही, उलट ती अधिकच लांबते. आता तर चित्रपटासाठी शनिवारची वाट पाहावी लागत नाही आणि मोबाइल प्रत्येकाच्या उशाशी असतो. तरीही हिवाळ्यातल्या संध्याकाळी न करमण्याची तक्रार थांबलेली नाही, हा या सिद्धांताच्या बाजूने जाणारा पुरावाच मानावा लागेल.

इजिप्तच्या वाळवंटात चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात राहणारा ख्रिस्ती तपस्वी इव्हाग्रियस याने ‘अकीदिया’ नावाच्या विकाराचे जे वर्णन केले आहे ते अरतीच्या अगदी जवळ जाते. भर दुपारी भिक्षूला सूर्य जागचा हलतच नाही असे वाटते, तो पुन्हा पुन्हा बाहेर डोकावतो, कुणी भेटायला येत आहे का याचा कानोसा घेतो, आणि हळूहळू त्याला ती जागाच नकोशी होऊन दुसऱ्या एखाद्या ठिकाणी आपली साधना सहज होईल अशी त्याची खात्री पटते. विकार आपला दोष स्थळावर ढकलतो, हे इव्हाग्रियसचे निरीक्षण सूक्ष्म आहे, आणि गावाला नावे ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला ते ऐकवण्याचा मोह प्राध्यापकांना होणे स्वाभाविक आहे. तरीही तो मोह आवरलेला बरा. मुनी आणि भिक्षू यांनी घर स्वेच्छेने सोडलेले असते आणि आपण कशासाठी सोसत आहोत हे त्यांना ठाऊक असते. अठरा-एकोणीस वर्षांचा विद्यार्थी मात्र बहुधा गुणांच्या यादीने तेथे आणून सोडलेला असतो. जे व्रत त्याने घेतलेलेच नाही त्याचा परीषह त्याच्यावर लादणे हा धर्माचा नव्हे, व्यवस्थापनाचा सोयीस्कर अर्थ झाला.

जैन परंपरेनेही गृहस्थाला मुनीच्या मापाने मोजलेले नाही. श्रावकासाठी, म्हणजे गृहस्थ उपासकासाठी, सांगितलेल्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती नावाचे एक व्रत आहे. अनर्थदंड म्हणजे काहीही प्रयोजन नसताना दुसऱ्या जीवाला दिलेली पीडा. उगाच माती उकरणे, उगाच झाड तोडणे, उगाच पाणी सांडणे यांचा त्यात समावेश होतो. गृहस्थाने आनंद घेऊ नये असे हे व्रत म्हणत नाही, त्याच्या आनंदाचा दंड भलत्याच कुणाला भरावा लागू नये असे म्हणते. बडोद्याच्या हिवाळ्यात या कसोटीची गाठ दरवर्षी १४ जानेवारीला पडते. उत्तरायण आणि दुसऱ्या दिवशीचे वासी उत्तरायण या दोन दिवसांत गच्चीगच्चीवर जो पतंगोत्सव चालतो त्याच्याइतके खुले, स्वस्त आणि जातपात विसरायला लावणारे रंजन दुसरे क्वचितच सापडेल. आणि त्याच दिवसांत काच लावलेल्या मांजाने पंख कापले गेलेले पक्षी इतक्या मोठ्या प्रमाणावर खाली पडतात की गुजरात शासनाला १० ते २० जानेवारीच्या दरम्यान त्यांच्या उपचारांसाठी ‘करुणा अभियान’ चालवावे लागते. पतंग उडवावा की नाही हा येथे प्रश्न नाही. पहाटे आणि सांजवेळी, पक्ष्यांच्या येण्याजाण्याच्या वेळी, दोर खाली घ्यावा आणि साधा सुती दोरा वापरावा एवढी विरती पाळूनही पतंग काटता येतो, फक्त थोडा उशिरा.

धर्मशास्त्राची भूमिका यापेक्षा कडक, आणि म्हणून अधिक वेळा उद्धृत केली जाणारी. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याने वर्ज्य करावयाच्या गोष्टींत मध, मांस, गंध आणि माला यांच्याबरोबरच नृत्य, गीत, वादन, द्यूत आणि लोकांविषयीच्या वायफळ गप्पा यांची नावे आहेत. एवढाच भाग वाचणाऱ्याला प्राचीन गुरुकुल म्हणजे आनंदाला पूर्ण मज्जाव असलेली जागा वाटते. परंतु त्याच स्मृतीच्या चौथ्या अध्यायात अध्ययनाचे जे वार्षिक वेळापत्रक दिले आहे ते या निषेधांच्या शेजारी ठेवून वाचले पाहिजे. श्रावण किंवा भाद्रपद पौर्णिमेस उपाकर्म, म्हणजे वेदाध्ययनाचा विधिपूर्वक आरंभ, करून साडेचार महिने अध्ययन करावे आणि पौषात किंवा माघ शुक्ल प्रतिपदेस गावाबाहेर जाऊन उत्सर्जन, म्हणजे त्या अध्ययनाची समाप्ती, करावी. त्यानंतर शुक्ल पक्षात वेद आणि कृष्ण पक्षात वेदांगे अशी हलकी विभागणी ठेवावी, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे आजच्या भाषेत सत्रसमाप्ती नेमकी ऐन हिवाळ्यात येते. शिवाय अनध्यायाचे, म्हणजे अध्ययन थांबवण्याचे, प्रसंग एवढे मोजले आहेत की रात्री वाऱ्याचा आवाज ऐकू येणे, विजा चमकणे, धुळीचे लोट उठणे, कोल्ह्याकुत्र्यांचे ओरडणे, यांपैकी कशानेही पाठ बंद पडावा. या नियमांमागे अशुभाची कल्पना आहे हे खरे; पण त्यांचा परिणाम असा की विद्यार्थ्याचे कान सतत बाहेरच्या जगाकडे लागलेले राहतात आणि पाठ बंद करण्याचा अधिकार घंटेकडे नसून ऋतूकडे असतो. रंजनावरची बंदी उचलून धरणाऱ्यांनी अनध्यायाची मुभा मात्र मागेच ठेवली, असे निरीक्षण येथे नोंदवावेसे वाटते. अर्थात ही सारी व्यवस्था काही वर्णांच्या मुलग्यांपुरतीच होती. मुली आणि बहुसंख्य समाज तिच्या बाहेर उभा होता, हे विसरून तिचा गौरव करता येत नाही.

ते बाहेर उभे असणे हेच नाट्यशास्त्राच्या आरंभकथेचे निमित्त आहे. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’च्या पहिल्या अध्यायात इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे जाऊन एक क्रीडनीयक, म्हणजे खेळण्याचे साधन, मागतात, जे पाहताही यावे आणि ऐकताही यावे, आणि ज्यांना वेद ऐकण्याचा अधिकार नाकारलेला आहे त्यांच्यासह सर्व वर्णांसाठी ते असावे अशी त्यांची विनंती असते. त्यातून नाट्य हा पाचवा वेद उत्पन्न झाला, आणि दुःखाने, श्रमाने व शोकाने पीडलेल्यांना तो विश्रांती देईल असे ब्रह्मदेवाने सांगितले, अशी ती कथा आहे. या ग्रंथावरची अभिनवगुप्ताची ‘अभिनवभारती’ ही टीका रामकृष्ण कवी यांच्या संपादनाखाली १९२६ पासून बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत खंडशः प्रसिद्ध होऊ लागली. दहाव्या-अकराव्या शतकातील या काश्मिरी आचार्याने रसास्वादाच्या आड येणाऱ्या विघ्नांची जी चर्चा केली आहे तीत प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात बुडून राहणे हे एक मोठे विघ्न मानले आहे. गीत, वाद्य आणि रंगमंडपाची रचना यांच्या योगाने प्रेक्षक स्वतःला थोडा विसरतो, पात्राची भावना कुणा एकाची न राहता सर्वांची होते, आणि या साधारणीकरणातूनच रस निर्माण होतो. जैनांची रती आणि अभिनवगुप्ताचा रस यांतला फरक येथे स्पष्ट होतो: रतीत मी रमतो, रसात मीपणाची पकड सैल होते. एकट्याने पांघरुणात शिरून पाहिलेला मोबाइल आणि पंचवीस जणांनी बसवलेली एकांकिका यांना करमणूक या एकाच सदरात टाकण्याची सवय म्हणून चुकीची आहे. त्यांतली पहिली अरतीला दुसऱ्या सकाळपर्यंत लांबणीवर टाकते, तर दुसरीत तालमीचे तीन आठवडे अरतीला आत यायला जागाच राहत नाही.

याच ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ हा होता. तो १९१६ मध्ये निघाला. आपल्या घराण्याचे नाते महाराष्ट्राशी सांगणाऱ्या या कवीने दहाव्या अध्यायात कवीची दिनचर्या आखून दिली आहे. सकाळचा पहिला प्रहर अध्ययनाला, दुसरा रचनेला, दुपारच्या भोजनानंतर काव्यगोष्ठी, म्हणजे जाणत्यांच्या बैठकीत प्रश्नोत्तरे, समस्यापूर्ती आणि चर्चा, आणि दिवसाच्या चौथ्या प्रहरी सकाळच्या रचनेचे पुन्हा परीक्षण, असा तो क्रम आहे. गोष्ठी ही अभ्यास संपल्यावरची सुटी नव्हे, ती दिवसाच्या मध्यभागी बसवलेली आहे. आजच्या वेळापत्रकात तिच्या जागी उपाहारगृहातला अर्धा तास असतो.

आता ज्या शाळेचा उल्लेख आरंभी केला तिच्याकडे वळता येईल. चांदोदजवळ नर्मदेच्या काठी गंगनाथाचे स्थान आहे, आणि तेथील स्वामी ब्रह्मानंदांचा बडोद्याच्या सुशिक्षितांवर मोठा प्रभाव होता. या स्थानाचे नाव घेऊन बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांनी गंगनाथ विद्यालय ही राष्ट्रीय शिक्षणाची शाळा चालवली. देशपांडे हे अरविंद घोषांचे केंब्रिजपासूनचे स्नेही आणि ‘इंदुप्रकाश’चे माजी संपादक. १९१० मध्ये या शाळेत दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर दाखल झाले आणि आचार्य झाले. शाळेत कुटुंबाचे वातावरण असावे म्हणून शिक्षकांना सर किंवा मास्तर न म्हणता नात्याच्या नावांनी हाक मारण्याचा प्रघात तेथे पडला. साताऱ्यात जन्मलेले कालेलकर तेथे ‘काका’ झाले, आणि विठ्ठल लक्ष्मण फडके, ज्यांनी पुढे गोध्र्याच्या अंत्यज आश्रमात आयुष्य वेचले, ते ‘मामा’ झाले. ही दोन्ही नावे जन्मभर टिकली. शाळा मात्र टिकली नाही. अरविंदांच्या मित्रमंडळाशी असलेल्या संबंधामुळे तिच्यावर ब्रिटिश सत्तेची वक्रदृष्टी होती आणि १९११-१२ च्या सुमारास ती बंद करावी लागली.

नात्याच्या हाकेला भावुकपणा म्हणून बाजूला सारता येईल, पण तिचा एक व्यावहारिक परिणाम आहे. प्राध्यापकाचा दिवस पाच वाजता संपतो. काकाचा संपत नाही. ग्रामीण महाविद्यालयातल्या संध्याकाळचे खरे दुखणे असे की शिकवणारे शहरात राहायला जातात आणि शिकणारे मागे उरतात, त्यामुळे ज्ञान ही दिवसा येऊन जाणारी वस्तू बनते आणि रात्र तिच्याविना काढायची असते. गंगनाथच्या शिक्षकांनी ही फूट नाव बदलून मिटवण्याचा प्रयत्न केला. आजचे पगारदार, गृहस्थ, मुलांच्या शाळेसाठी शहरात घर केलेले प्राध्यापक तसे करू शकणार नाहीत, आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षा धरणेही अन्यायाचे. पण आठवड्यातून एक संध्याकाळ दोघा-तिघांनी आळीपाळीने मुक्कामाला राहावे, एवढे मागणे संन्यास मागण्यासारखे नाही.

कालेलकरांचे दुसरे देणे याहून मोठे आहे. १९२० च्या दशकाच्या आरंभी साबरमतीच्या तुरुंगात असताना त्यांनी जे पाहिले त्यावर ‘ओतराती दीवालो’ हे गुजराती पुस्तक लिहिले. त्यात राजकारण जवळजवळ नाही, आहेत त्या मुंग्या, पक्षी, खारी, झाडे. पुढे १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना ताऱ्यांची गोडी लावणारेही तेच. करमणुकीचे एकही साधन नसलेल्या जागी माणसाचे लक्ष किती तीक्ष्ण होऊ शकते याचे हे दोन दाखले आहेत, आणि त्यांत इव्हाग्रियसला मिळालेले उत्तर आहे: स्थळाचा वीट आलेल्या माणसाने ते स्थळ बहुधा नीट पाहिलेलेच नसते. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळ झाली की कुठल्याही वसतिगृहाच्या गच्चीवरून पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका, तांबूस रोहिणी, मृगाचे तीन तारे आणि थोड्या वेळाने त्यांच्यामागून वर येणारा लखलखीत व्याध हे सारे एका नजरेत मावते. शहराच्या उजेडात यातले निम्मे दिसत नाही. चांदोद ज्या डभोई तालुक्यात आहे त्याच तालुक्यात बडोदे संस्थानाने सिंचनासाठी बांधलेला वढवाणा तलाव आहे, आणि २०२१ मध्ये त्याची रामसर पाणथळींत गणना झाली ती याच महिन्यांतल्या पाहुण्यांमुळे. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब तेथे थंडीभर मुक्कामाला असतात. तिकीट काढून पाहावे असे बडोद्याच्या शहरात जे काही आहे, त्यापेक्षा हे कमी रंजक नाही. त्याला फक्त कुणीतरी बोट दाखवावे लागते.

सयाजीराव गायकवाड यांच्या राजवटीने हे बोट दाखवण्याचे काम शासनाकडे घेतले. मौलाबक्ष यांच्या हाती १८८६ मध्ये सोपवलेली संगीतशाळा, प्रा. माणिकराव यांचा आखाडा आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या मार्गदर्शनाने सुरू झालेली ग्रंथालय व्यवस्था ही त्याची परिचित उदाहरणे. याच ग्रंथालय खात्यातर्फे खेड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात आणि जादूच्या कंदिलाचे व पुढे चलच्चित्रांचे फुकट खेळही होत. या दोन साधनांपैकी कंदील निःसंशय अधिक लोकप्रिय असणार, पण कंदील दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जातो आणि पेटी गावातच राहते.

रंजनाच्या पलीकडेही एक टोक आहे, त्याचा उल्लेख टाळता येत नाही. काँग्रेसच्या सुरतेतील १९०७ च्या अधिवेशनानंतर लगेच, त्याच हिवाळ्यात, अरविंद घोष बडोद्यात विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्यासोबत तीन दिवस एका खोलीत बसले आणि मनातील विचार पूर्ण थांबण्याचा अनुभव त्यांना तेथे आला, असे त्यांनीच पुढे सांगितले. याच शहरात वाढलेले विनोबा भावे महाविद्यालयीन वयात मित्रांसह विद्यार्थी मंडळ चालवून शिवजयंती आणि दासनवमी साजरी करत, मैलोन्मैल चालत आणि ग्रंथालयात बसत. १९१६ मध्ये ते परीक्षेसाठी म्हणून मुंबईच्या गाडीत बसले आणि सुरतेला उतरून काशीला गेले. अशी माणसे नियमासाठी आधार म्हणून घेता येत नाहीत. त्यांच्यासाठी वसतिगृहाचे नियम कधीच लिहिलेले नव्हते.

ग्रामीण विद्यालय आणि हिवाळा यांची सांगड युरोपात सर्वांत पद्धतशीरपणे घातली ती डेन्मार्कने. ग्रुंटविग या धर्मोपदेशक कवीच्या विचारांतून १८४४ मध्ये रोडिंग येथे पहिले लोकविद्यालय निघाले आणि पुढे अशा विद्यालयांचे तरुण शेतकऱ्यांसाठीचे सत्र नोव्हेंबर ते मार्च असे ठरून गेले, कारण बर्फाखालच्या शेतात काम नसे. परीक्षा नाही, व्याख्यान आहे, आणि व्याख्यानाआधी सर्वांनी मिळून गाणे आहे, असा तो परिपाठ. नानाभाई भट्ट यांनी १९५३ मध्ये सौराष्ट्रातील सणोसरा येथे लोकभारती स्थापन केली तेव्हा त्यांच्यासमोर हा नमुना होता. परंतु गुजरातेत हिवाळा हा रिकामा ऋतू नसून रब्बीचा ऋतू आहे, म्हणून डॅनिश वेळापत्रक जसेच्या तसे उचलून भागले नसते. लोकभारतीने अध्ययनाला शेती आणि गोपालन जोडले. महाराष्ट्रातल्या घराघरांत ज्याच्या पोळ्या होतात तो ‘लोकवन’ गहू, म्हणजे ‘लोक-१’ हे वाण, या संस्थेत तयार झालेले आहे. हिवाळ्यात विद्यार्थ्यांनी काय करावे या प्रश्नाला यापेक्षा पोटभरीचे उत्तर कुठल्या ग्रामीण महाविद्यालयाने दिले असल्यास ते सांगावे.

आजच्या ग्रामीण महाविद्यालयांत डिसेंबर-जानेवारीत दोन गोष्टी ठरलेल्या असतात, स्नेहसंमेलन आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर. स्नेहसंमेलनावर टीका करण्याची फॅशन आहे, पण वरच्या विवेचनानुसार त्यातल्या तालमी हा त्याचा सर्वांत शिकवणारा भाग आहे आणि तयार गाण्याची तबकडी लावून केलेला नाच हा सर्वांत कमी. त्यामुळे पैसा ध्वनिवर्धकावरून काढून तालमीच्या दिवसांवर, पेटी-तबल्यावर आणि रात्री दहापर्यंत उघड्या ठेवलेल्या ग्रंथालयावर खर्च करणे शहाणपणाचे ठरेल. शिबिराची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. ते बहुधा बस ठरवून दूरच्या एखाद्या दत्तक गावी जाते, तेथे रस्ता झाडला जातो, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम होतो आणि आठव्या दिवशी सर्व जण परत येऊन ज्या गावात त्यांचे स्वतःचे महाविद्यालय आहे त्या गावात पुन्हा कंटाळू लागतात. ज्या प्राचार्यांच्या हाती पुढच्या वर्षीचे नियोजन आहे त्यांनी एक हिवाळा तरी हे शिबिर महाविद्यालयाच्या कुंपणाला लागून असलेल्या शेतात, त्या शेतकऱ्याला विचारून, तूर काढण्यासाठी भरवून पाहावे.